घोड्याऐवजी सायकल

आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात 'साहित्यकृती' कशाला म्हणायचं याची एक व्याख्या आहे. कायदा 1957 चा, नंतर त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. त्या व्याख्येत कथा-कवितांच्या जोडीला संगणकाचे प्रोग्रामही बसवले आहेत. म्हणजे हॉस्टेलवर रात्री दोनपर्यंत चालणारा गेम आणि ग्रंथालयातली कादंबरी, कायद्याच्या कपाटात दोघं एकाच फळीवर. त्यामुळे वाङ्मय मंडळाच्या अंकात मी गेमचा विषय का काढला असं कुणी विचारलंच, तर निदान कायद्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे.

खरं तर लिहायचंय ते गेमवर नाही. गेमच्या चाहत्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून काढलेल्या छोट्या सिनेमांवर लिहायचंय. त्यांना फॅन फिल्म म्हणतात. 'चाहतापट' असा शब्द करता येईल, पण बोलताना तो जिभेवर बसत नाही, म्हणून मी आपलं फॅन फिल्मच म्हणते. गोष्ट दुसऱ्याची, हक्क दुसऱ्याचे, पैसे आपले आणि ते परत मिळण्याची आशा शून्य, अशी ही भानगड.

यात दोन जाती आहेत. पहिलीत कॅमेराच लागत नाही. 1996 साली 'क्वेक' नावाचा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या एका गटाने 'डायरी ऑफ अ कॅम्पर' नावाची दोनेक मिनिटांची गोष्ट गेमच्या आतच रचली. खेळाडू गोळ्या झाडायचे थांबले आणि नाटक करायला लागले, बास एवढंच. तो आजच्यासारखा व्हिडिओही नव्हता. कोण कुठे हलला याची नोंद असलेली एक फाइल होती, आणि ती बघायला तुमच्याकडे तोच गेम असावा लागायचा. 2003 मध्ये 'हेलो' या गेममधून 'रेड व्हर्सेस ब्लू' ही मालिका निघाली आणि ती थेट 2024 पर्यंत चालली. तिची युक्ती मला फार आवडते. त्या गेममधल्या सैनिकांच्या तोंडावर काचेचं शिरस्त्राण असतं, ओठ दिसतच नाहीत. मग डोकं थोडं हललं की तो बोलतोय असं समजायचं! जी अडचण तीच सोय.

2005 मध्ये पॅरिसच्या उपनगरांत दंगली झाल्या. ॲलेक्स चॅन नावाच्या तिथल्या एका तरुणाने 'द मूव्हीज' हा गेम वापरून त्यावर 'द फ्रेंच डेमॉक्रसी' ही तेरा मिनिटांची फिल्म केली. दंगली पेटल्या कशाने, ते त्याला त्या उपनगरांतल्या पोरांच्या बाजूने सांगायचं होतं. गेममध्ये पॅरिसचे सेट नव्हते, म्हणून कुठे अमेरिकन दिसणारी मेट्रो आली, कुठे भलत्याच इमारती. तरी लोकांना कळायचं ते कळलं.

आणि साहित्यवाल्यांसाठी खास: करोनाच्या टाळेबंदीत कामं बंद पडलेल्या इंग्लंडमधल्या दोन नटांनी 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या ऑनलाइन शहरात 'हॅम्लेट' उभं केलं. मध्येच कुणी अनोळखी खेळाडू यायचा आणि राजपुत्राला गोळी घालून जायचा. त्यावरचा 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट' हा माहितीपट 2024 मध्ये आला. मला तो बघताना आगरकर आठवले. त्यांनी 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात बसून 'हॅम्लेट'चं मराठी रूप केलं, 'विकारविलसित'. कोंडलेल्या माणसाला हॅम्लेटच का सुचतो, यावर कुणीतरी पुढच्या अंकात लिहा. मी नाही लिहिणार, माझा पेपर आहे.

दुसरी जात म्हणजे खरी माणसं, खरा कॅमेरा. यात अमेरिकेतली दोन उदाहरणं नेहमी सांगतात. 2010 मध्ये केविन टँचरोनने 'मॉर्टल कॉम्बॅट'वर आठ मिनिटांची फिल्म केली, साधारण साडेसात हजार डॉलरांत. आपल्याला ही रक्कम मोठी वाटेल, तिथल्या सिनेमाच्या हिशोबात ती चहापाण्याची. पुढच्याच वर्षी त्याच्याकडे त्याच गेमवरची अधिकृत वेब मालिका आली. 2011 मध्ये डॅन ट्रॅक्टनबर्गने 'पोर्टल' गेमवर 'पोर्टल: नो एस्केप' केली. एक बाई एका बंद खोलीत जागी होते, भिंती चाचपते, हळूहळू वाट शोधते. सात मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीतच. हाच माणूस पुढे मोठमोठे सिनेमे करायला लागला.

ही उदाहरणं सांगणारे लोक नेहमी 'बघा, कुठल्या कुठे पोचला' यावर थांबतात. माझ्या मते मुद्दा वेगळाच आहे. गेममध्ये आपण करतो आणि सिनेमात आपण बघतो. गेमचं कथानक जसंच्या तसं उचलून पडद्यावर मांडलं की ते हमखास पडतं, कारण त्यातला 'मी करतोय' हा भागच निघून जातो. 'पोर्टल'वाल्याने कथानक उचललं नाही. खोलीत अडकल्यावर डोकं कसं चालायला लागतं तेवढंच त्याने उचललं. त्याला एक खोली पुरली, आणि म्हणून खर्चही कमी आला.

आता आपल्याकडे. गेमवरच्या नाही, पण फॅन फिल्मच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात एक अख्खं गाव आहे, नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव. यंत्रमागांचं गाव. मागांना शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला, सुमारे पन्नास हजार रुपयांत. नट सगळे गावातले. डाकूंसाठी घोडे कुठून आणणार? डाकू सायकलवर आले. आगगाडीच्या जागी बस आली. पुढे कॅमेरा सरकवायचा तर सायकलवर बसवायचा, उंचीवरून दृश्य हवं तर बैलगाडीची क्रेन करायची, असा सगळा कारभार.

विनोदासाठी केलं असं आपण म्हणतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. सायकल आली ती घोडा परवडत नव्हता म्हणूनच. पण एकदा डाकू सायकलवर बसला की तो चंबळचा उरत नाही, मालेगावचा होतो. बघणाऱ्याला तो आपल्या गल्लीतला वाटतो. पैशाच्या अडचणीने जो बदल झाला त्याने गोष्टच गावात येऊन राहिली. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'मधली विडंबनं आपण अभ्यासाला घेतो. मूळ कवितेवर प्रेम असल्याशिवाय तिचं चांगलं विडंबन जमत नाही, असं आपल्या मॅडम वर्गात सांगतात ना, तेच इथे आहे.

नंतर 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला. तो बनत असतानाच फैझा अहमद खान यांनी त्यावर 2008 चा माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक तरुण. उडायचं दृश्य करायला हिरवं कापड ट्रकच्या बाजूला लावलं. कॅमेरा पाण्यात पडला, तो वाळवून काम पुढे चालू. सिनेमात हा सुपरमॅन तंबाखूच्या आणि घाणीच्या विरोधात लढतो. आणि खरा शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. 2025 च्या फेब्रुवारीत रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला तेव्हा आमच्या घरचे सगळे बघायला गेलो होतो. शेवटाकडे आई उठून बाहेर गेली. तिचे वडील तंबाखूनेच गेले.

हे मालेगावनेच सुरू केलं असंही नाही. त्याच नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1910-11 च्या सुमारास गिरगावात 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट बघायला बसले. पडद्यावर येशूचं चरित्र चाललं होतं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण यायला लागले. मग त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, आधी रोपट्याच्या वाढीवर एक छोटी फिल्म करून दाखवली आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला. तारामती करायला बाई मिळेना, तर अण्णा साळुंकेंना लुगडं नेसवलं. घोड्याऐवजी सायकलच की ही! दुसऱ्याचं बघून भारावून जाणं आणि मग ते आपल्याकडच्या सामानात परत बांधणं, आपल्या सिनेमाची सुरुवातच तिथून आहे.

आता थोडं माझ्या घरचं. मी सुरतेजवळच्या हजिऱ्याची. तापी जिथे समुद्राला मिळते तिथली ही जमीन. पोलाद, खत, गॅस, बंदर, सगळं एकाला एक लागून. पलीकडे सुवालीचा किनारा. 1612 साली तिथल्या समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज लढले होते, आणि आमच्या गटातल्या एकाला त्याच लढाईची फिल्म काढायची होती. जहाजं कुठून आणायची हे विचारल्यावर तो गप्प बसला. माझे वडील शिंदखेड्याकडचे. सुरत-भुसावळ लाइनीने खान्देशातली किती माणसं इकडे आली त्याला गणती नाही. कुणी उधना-लिंबायतला मागांवर लागलं, कुणी हजिऱ्यात कंत्राटावर. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि हिंदी, कॉलेजात आल्यावर ही पुस्तकी मराठी.

मी आणि माझे चार मित्र मिळून जी फिल्म करतोय ती 'पेपर्स, प्लीज' या गेमवर. 2013 साली लुकस पोप या एकाच माणसाने तो तयार केला. तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे तपासनीस. खिडकीपुढे रांग. प्रत्येकाचे कागद बघायचे आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. पगार किती माणसं तपासली त्यावर. चुका झाल्या की आधी ताकीद, मग दंड. रात्री घरचा हिशोब पुढे येतो: जेवण, उब, औषध. सगळ्याला पैसे पुरत नाहीत. सुरुवातीलाच एक म्हातारा येतो, त्याचे कागद बरोबर असतात. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्याकडे परवाना नसतो. सोडलंत तर तुमची चूक मोजली जाते, अडवलंत तर ती दोघं तुटतात. बंदूक फारशी नाही, पळापळ नाही, आणि तरी मी खेळलेल्या गेमपैकी हा सगळ्यात भीतिदायक आहे.

निकिता ऑर्डिन्स्की आणि लिलिया त्काच या रशियन जोडीने 2018 मध्ये त्यावर दहा-अकरा मिनिटांची फिल्म केली, खुद्द पोपच्या संमतीने. एक खोली, एक खिडकी, एक थकलेला चेहरा. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला रशिया दिसलाच नाही, आमच्याकडचं गेट दिसलं.

हजिऱ्यात कंत्राटी माणसाचं आयुष्य गेटपासवर चालतं. पास आहे तर हजेरी, हजेरी आहे तर रोज. माझ्या एका काकांच्या नावात ज्ञ आहे. मराठी माणूस इंग्रजीत ज्ञ लिहिताना 'डी-एन-वाय' लिहितो. गुजरातीत त्याच अक्षराचा उच्चार 'ग्न'च्या जवळचा, म्हणून तिकडे 'जी-एन' लिहितात. काकांचं आधार धुळे जिल्ह्यातलं आणि पास इकडे बनलेला. नाव एकच, माणूस एकच, अक्षरं वेगळी. नवीन ठेकेदार आला, कागद परत तपासले गेले आणि काका तीन दिवस गेटबाहेर. तीन दिवसांचा रोज बुडाला. खिडकीतला माणूसही वाईट नव्हता, काका स्वतःच सांगतात. तो म्हणाला, "दादा, मला दिसतंय तुम्हीच आहात ते. पण कागदावर तुम्ही नाही." कारखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. काका अजून त्याच भागात काम करतात.

तर आमची फिल्म ही. देशाच्या सीमेऐवजी कारखान्याचं गेट, पासपोर्टऐवजी गेटपास, म्हाताऱ्या जोडप्याऐवजी ज्ञ. शिक्का तसाच ठेवलाय. बाकी सगळं बदललं तरी चालेल, पण शिक्क्याचा 'ठप्प' आवाज गेला तर गेमच गेला.

काकांनी काम करावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी नाही म्हटलं. "तोंड दिसनं की काम गयं," एवढंच बोलले. आम्हाला वाद घालता आला नाही, कारण ते खरंच आहे. आमच्यासाठी ही आठ मिनिटांची फिल्म, त्यांच्यासाठी घर. मग आम्ही गेमकडेच परत गेलो. पोपने खरा देश का घेतला नाही? आर्स्टोट्झ्का नावाचा नकाशात नसलेला देश का काढला? कारण त्यामुळे कुठल्याही देशाचा माणूस त्यात स्वतःला बघू शकतो आणि कुणा एकावर बोट येत नाही. आमचाही कारखाना आता काल्पनिक आहे. पाटी नाही, गणवेशाचा रंग कुणाचाच नाही, बाहेरचं एकही दृश्य नाही. हे सांगितल्यावर काका आवाज द्यायला तयार झाले. चेहरा दुसऱ्या कुणाचा, आवाज त्यांचा. परत ते शिरस्त्राणवाले सैनिकच!

कायद्याचं काय, हा प्रश्न मंडळात सगळ्यात आधी आला होता. आपल्या कायद्याचं कलम 52 काही वापर माफ करतं: खाजगी अभ्यास, टीका, समीक्षा असे. 'विडंबन' किंवा 'चाहत्याची फिल्म' असे शब्द त्यात नाहीत. म्हणजे फॅन फिल्म आपोआप सुरक्षित नसते. 'झेल्डा' या गेमवर अमेरिकेतल्या चाहत्यांनी 2009 मध्ये 'द हीरो ऑफ टाइम' नावाचा पूर्ण लांबीचा सिनेमा काढला होता. निन्टेन्डो कंपनीने सांगितल्यावर वर्षअखेर त्यांना तो दाखवणं बंद करावं लागलं. अशी कितीतरी वर्षांची मेहनत कपाटात जाते. उलट मायक्रोसॉफ्टने 2007 मध्येच नियम काढले की पैसे कमवत नसाल तर आमच्या गेमची दृश्यं वापरा. म्हणजे घर बघून दार वाजवायचं.

दुसऱ्या बाजूला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा एक निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचं म्हणणं होतं की त्यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा सिनेमा चोरला. न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती कल्पना कशी मांडली त्यावर असते. खिडकी, रांग, कागद, शिक्का ही कल्पना झाली. आर्स्टोट्झ्काचं बोधचिन्ह, गेममधली चित्रं, त्याचं संगीत ही मांडणी. आम्ही दुसऱ्यातलं काहीच घेत नाही, आणि तरी सुरुवातीला गेमचं नाव कृतज्ञता म्हणून देतोय. पोप यांना परवानगीची मेल लिहून ठेवली आहे, इंग्रजीच्या सरांनी तपासली की जाईल. फिल्म यूट्यूबवर टाकू तेव्हा जाहिरातींचे पैसे बंद ठेवणार.

काही गोष्टी करणाऱ्यांसाठी. बंदुकीच्या गेमवर फिल्म करायची हौस सगळ्यांना असते, कारण खेळण्यातली रायफल स्वस्त मिळते. करू नका, निदान उघड्यावर नको. लांबून ती खरी दिसते. मार्च 2019 मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि नुसता मोबाइलवर खेळला म्हणून दहा पोरांना धरलं होतं. मग सुवालीच्या वाळूत पाच जण रायफली घेऊन पळताना दिसले तर काय होईल? ड्रोनचं तेच. विमानतळ तापीच्या पलीकडेच, अलीकडे बंदर आणि कारखाने. ड्रोन उडवण्याआधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघावाच लागतो. आम्ही तो विचारच सोडून दिला. आणि समुद्रात उतरून दृश्यं घेऊ नका, तिथलं पाणी ओढतं.

खर्च आवाजावर करा. प्रेक्षक अंधुक चित्र सहन करतो, न ऐकू येणारा संवाद नाही. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या, नाहीतर दुसरा मोबाइल नटाच्या खिशात रेकॉर्डिंग चालू करून ठेवा. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते, लॅपटॉप मात्र जरा दमदार लागतो. आमची खिडकी प्लायवुडची आहे, मोऱ्याला एका मित्राच्या काकाच्या बंद दुकानात उभी केलीय. शिक्का बनवून घेतला, त्यावर मुद्दाम न वाचता येणारी अक्षरं. टेबललॅम्प माझा. सगळा खर्च आतापर्यंत 2,350 रुपये, त्यातले सातशे लोचो आणि चहावर गेले, हे खजिनदाराने मला लिहायला सांगितलंय.

अडलंय ते भाषेवर. खिडकीच्या आतला माणूस गुजराती-हिंदी बोलतो, ते ठीक. पण रांगेतली माणसं? पहिल्या मसुद्यात मी त्यांना आपली ही कॉलेजातली मराठी दिली होती. काकांनी आपला संवाद वाचला आणि म्हणाले, हा माणूस रांगेत उभा राहिलेला वाटत नाही, शाळा तपासायला आलेला वाटतो. आता ते संवाद अहिराणीत लिहिणं चाललंय. 'पण कागदावर तुम्ही नाही' यावर काका अहिराणीत काय उत्तर देतात ते अजून ठरत नाहीये. खरं तर त्या दिवशी ते काहीच बोलले नव्हते, वळून टपरीवर गेले होते. आमच्यातले दोघं म्हणतात तसंच ठेवू, नुसता शिक्क्याचा आवाज. मला वाटतं एक वाक्य हवं.

शूटिंग दिवाळीच्या सुट्टीत, तीन रात्री. रांगेत उभं राहायला अजून सहा जण हवेत, त्यात दोन वयस्क असतील तर उत्तम. अहिराणी येणाऱ्यांनी गुरुवारी मंडळाच्या वर्गात भेटा. येताना स्वतःच्या नावाचा एखादा चुकीचा छापलेला कागद असेल तर घेऊन या. गठ्ठ्यात लावायला हवेत, आणि आत्तापर्यंत आमच्याकडे फक्त चौदा जमलेत.